इस्त्रीखालचे एकशे तीन अभिप्राय

तिला सगळे कडकबाई म्हणतात. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही भरपूर पुरावे आहेत. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या जिन्याखाली तिचं टेबल आहे. त्यावर दुहेरी घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, बाजूला पाण्याचा तांब्या आणि, आता आतापर्यंत, साडेसहा किलोची कोळशाची इस्त्री. मी पहिल्या मजल्यावर राहते, त्यामुळे सव्वीस वर्षं माझी सकाळ त्या इस्त्रीच्या झाकणाच्या आवाजाने झाली. घड्याळ मागे पडायचं, झाकण पडायचं नाही.

ती कोळशाच्या वखारीत वाढली. वडील वखारवाले. डोळे मिटून बसायचं आणि पोतं जमिनीवर टाकल्याच्या आवाजावरून त्याचं वजन सांगायचं, हा तिचा लहानपणीचा खेळ. एकोणिसाव्या वर्षी एका इस्त्रीवाल्याशी लग्न झालं. लग्न जुळवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसेल. नवरा इस्त्री करायचा, ही घरोघरचे कपडे आणायची आणि पोचवायची. बारा वर्षांपूर्वी तो गेला. आठव्या दिवशी हिने टेबलावरची चादर झटकली आणि त्याच्या जागी उभी राहिली. पहिल्या दिवशी तीन शर्ट पिवळे पडले. चौथा मात्र असा झाला की मालक तो घालून आरशासमोर उभा राहिला आणि त्याला कामावर जायला उशीर झाला.

तिला कपडे वाचता येतात. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी पाळणा हलणार, कोण नवरा-बायको सध्या एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिला घडीवरून कळतं. एकदा तिने मला जिन्यात थांबवलं आणि हळूच सांगितलं, "काकू, काकांच्या पँटवरची पट्ट्याची चुणी दोन बोटं आत सरकली आहे. डॉक्टरांना दाखवून घ्या." आम्ही दाखवलं. वेळेवर दाखवलं म्हणून ते आणखी सहा वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. तेव्हापासून या बाईच्या कामाला मी नाही म्हणत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत प्रत्येक घरी सरकारकडून एक जाडजूड पुस्तिका आली. ‘राष्ट्रीय शाश्वत ऊर्जा धोरण : मसुदा.’ सोबत अभिप्रायाचा एक छापील फॉर्म, वर क्रमांक घातलेला. एका पत्त्याला एकच. आमच्या गल्लीत त्या पुस्तिकेचे उपयोग झटपट सापडले. बेकरीवाल्याने ती डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारली, दंतवैद्यांनी रोग्यांना वाट बघताना चाळायला ठेवली. मी ती वाचली. मला हातात आलेलं छापील पान वाचल्याशिवाय ठेवता येत नाही. पान त्रेसष्टवर परिच्छेद होता, की रस्त्यावरच्या सर्व व्यवसायांतला कोळशाचा वापर दोन वर्षांत बंद करण्यात येईल.

मी खाली जाऊन तिला तो वाचून दाखवला. तिने आधी शाश्वत म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, टिकणारं, आपल्या मागून येणाऱ्यांनाही पुरणारं.

"म्हणजे माझ्या सासूसारखं," ती म्हणाली आणि कॉलर उलटी केली.

कोळसा सुटणार याचं तिला वाईट वाटलं नाही. तिच्या छातीत त्याची धूळ होती, हातावर ठिणग्यांचे डाग होते. तिला विजेची इस्त्री हवीच होती. पण वीज कंपनीने तिचा अर्ज तीनदा परत पाठवला होता, कारण मीटर पत्त्याला मिळतो आणि जिन्याखालच्या टेबलाला पत्ता नसतो. शेजाऱ्याकडून वायर ओढणं नियमात बसत नव्हतं. म्हणजे दोन वर्षांनी कोळसा बंद, वीज नाही, आणि पंचावन्न वर्षांची बाई घरी. पत्ता नाही म्हणून अभिप्रायाचा फॉर्मसुद्धा तिला आला नव्हता.

पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात एक नियम होता. एका प्रभागातून एकाच विषयावर शंभर अभिप्राय आले, तर तो विषय प्रत्यक्ष सुनावणीला घेतला जाईल आणि संबंधित व्यक्तीला तीन मिनिटं बोलता येईल. मी शंभर या आकड्याखाली रेघ मारली. त्याच्याखाली आणखी एक नियम होता : खाडाखोड केलेले अभिप्राय बाद.

हा दुसरा नियम वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर एका खाडाखोडीसाठी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या. मी ठरवलं की आपल्या गल्लीचा एकही फॉर्म बाद होता कामा नये. माझी सून आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. नकाशे दुरुस्त करायला तिच्याकडे खोडता येणारी पेनं असतात. अक्षरावर टोकाचं रबर घासलं की शाई नाहीशी होते, कागद कोराकरकरीत. तिच्याकडून मी दोन डझन पेनं मागून घेतली आणि दहा दिवस घरोघर फिरले.

लोकांनी मनापासून लिहिलं, तेच तर अवघड झालं. एकोणिसाव्या प्रश्नात, ‘आपणांस आणखी काही सुचवायचे आहे काय’ याखाली, कोणी काय लिहावं याला धरबंध नव्हता. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, "ही बाई भांडकुदळ आहे पण कॉलर हिच्यासारखी जगात कोणी करत नाही." मी त्याला ते खोडायला लावलं आणि ‘जिन्याखालील व्यवसायास वीजमीटर मिळावा’ असं लिहायला सांगितलं. दंतवैद्यांनी सरकारच्या अकलेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही गेल्या. निम्म्याहून अधिक फॉर्म मी असे नीट करून घेतले. एकशे तीन जमले. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी तो गठ्ठा मोठ्या अभिमानाने कडकबाईच्या हातात ठेवला आणि म्हटलं, उद्या पाचच्या आत आपण दोघी जाऊन देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला ती वर आली. ती कधीच वर येत नाही. तिचा चेहरा खळ घातलेल्या चादरीसारखा झाला होता.

"काकू," ती म्हणाली, "अक्षरं गेली."

फॉर्म चुरगळलेले होते. कोणी चार घड्या घातल्या होत्या, कोणी खिशात ठेवले होते, एकावर चहाचा डाग होता. सरकारच्या दारात आपल्या हातून चुरगळलेलं काही जायला नको, म्हणून तिने सकाळी सगळ्या एकशे तीन फॉर्मना इस्त्री केली. एकामागून एक, मन लावून, पालथे घालून. सगळे झाल्यावर गठ्ठा सरळ करताना तिने वरचा उलटून बघितला. छापलेले प्रश्न जागच्या जागी होते. उत्तरं, नावं, सह्या, सगळं साफ. इतके गुळगुळीत कोरे कागद मी छापखान्यातसुद्धा पाहिले नव्हते.

मी सुनेला फोन लावला. पलीकडून आधी नुसता फुसफुस आवाज आला, आणि मला वाटलं फोन बिघडला. मग कळलं की ती हसू दाबत होती. तिने सांगितलं की ती शाई रबराने जात नाही, घासल्याच्या उष्णतेने जाते. उष्णतेने गेलेली थंडीने परत येते. फ्रीजरमध्ये ठेवा.

आम्ही एक फॉर्म माझ्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि दोघी फ्रीजसमोर खुर्च्या टाकून बसलो. वीस मिनिटांनी दार उघडलं. बेकरीवाल्याची सही धुक्यातून माणूस यावा तशी परत येत होती. कडकबाईने माझा दंड असा दाबला की चार दिवस काळानिळा होता. तिच्या उजव्या हातात साडेसहा किलो उचलण्याची सवय आहे, हे आनंदाच्या भरात ती विसरते.

पण माझ्या फ्रीजरमध्ये बाराच्या वर फॉर्म मावेनात. कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याकडे छातीइतक्या उंचीची फ्रीजरची पेटी होती. तो म्हणाला, पेटी देतो, पण आतला माल बाहेर काढला तर वितळणार, तो कोण खाणार? कडकबाईने रस्त्याच्या मधोमध उभं राहून हाक दिली. तिची हाक तीन गल्ल्या जाते. पाच मिनिटांत माणसं गोळा झाली, आणि मार्च महिन्यातल्या एका कामाच्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता आमची अख्खी गल्ली भर रस्त्यात आइसक्रीम खात उभी होती. दंतवैद्य दोन हातांत दोन घेऊन. रोगी दवाखान्यात बसून असल्याची त्यांना कोणीतरी आठवण केली, तेव्हा ते म्हणाले की रोगी सुन्नच व्हायला आलाय. फॉर्म आम्ही पावाच्या पिशव्यांत घालून पेटीत रचले. ज्यांचे ते होते ते लोक झाकणाभोवती उभे राहून आपली अक्षरं आली का विचारत होते.

सव्वाला पेटी उघडली. पिशवीबाहेर राहिलेले तीन फॉर्म बर्फाला चिकटून फाटले, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. शंभर उरले. बरोबर शंभर. मी दोनदा मोजले. मग मी पहिला फॉर्म नीट बघितला आणि माझी पाचावर धारण बसली.

फक्त इस्त्रीने गेलेली अक्षरं परत आली नव्हती. दहा दिवसांत मी रबराने खोडायला लावलेलं सगळं परत आलं होतं. ‘वीजमीटर मिळावा’ याच्या डोक्यावरून ‘भांडकुदळ आहे’ चालत गेलं होतं. दंतवैद्यांच्या चार ओळी तर मूळच्याहून ठळक दिसत होत्या. अठ्ठावन्न फॉर्मांवर ओळीला चिकटून ओळ होती. खाडाखोड केलेले अभिप्राय बाद. पाचला साडेतीन तास उरले होते, अर्धी माणसं कामावर गेलेली, आणि जास्तीचा कोरा फॉर्म एकाकडेही नव्हता.

मी जिन्यावर बसले. कडकबाई मात्र फॉर्मकडे बघत होती, जशी ती एखाद्या अवघड झालरीकडे बघते.

"यातलं कुठलं घालवायचं, तेवढं सांगा," ती म्हणाली.

तिने इस्त्रीतले निखारे चिमट्याने निम्मे काढले, रेशमाइतकी आच येईपर्यंत थांबली, इस्त्री गालाजवळ नेऊन अंदाज घेतला. मग तिने ते साडेसहा किलोचं लोखंड मनगटावर तोललं आणि नुसतं टोक कागदाला लावलं. दोन बटणांच्या मधून जाणारं ते टोक दोन ओळींच्या मधून गेलं. ‘भांडकुदळ’ नाहीसं झालं, शेजारच्या ‘वीजमीटर’ची वेलांटीसुद्धा हलली नाही.

पुढचे दोन तास मी तिला वाचून दाखवत होते आणि ती घालवत होती. ही कल्पना करून बघा : गल्लीने तुमच्याबद्दल जे लिहिलं आणि मग सभ्यपणाने खोडलं, ते सगळं तुम्हाला मोठ्याने ऐकवलं जातंय आणि प्रत्येक ओळ तुम्हालाच स्वतःच्या हाताने मिटवायची आहे. ती हसून हसून वाकली. एकाने लिहिलं होतं की तिला घाबरून तो शर्टाला सगळी बटणं लावून देतो. एकीने लिहिलं होतं की आपल्या नवऱ्यापेक्षा हिच्या वेळेवर जास्त भरवसा आहे. समोरच्या घड्याळजींच्या फॉर्मवर, एकटे राहतात बिचारे, खोडलेली ओळ अशी होती : "मी रोज एकच शर्ट देतो, कारण मग रोज जाता येतं." ही ओळ मी वाचली आणि चष्मा पुसायला घेतला.

"तरीच," ती म्हणाली. ती ओळ तिने सगळ्यात सावकाश घालवली.

अडतीस झाल्यावर शिंप्याचा फॉर्म आला. शिंप्याचं दुकान तिच्या टेबलापासून दहा पावलांवर, आणि दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. एका कोटाची बाही जळली होती. ती म्हणते त्याच्या दुकानात जळली, तो म्हणतो हिच्या टेबलावर. हा फॉर्म मी हातात घेतला होता तेव्हा त्याने घडी घालून दिला होता आणि वाचायला मनाई केली होती. आता दोन्ही ओळी समोर होत्या. पहिल्यांदा लिहून खोडलेली : ‘बाईंना मीटर द्यावा.’ मग वरून लिहिलेली : ‘देऊ नये. वाट मोकळी राहिली पाहिजे.’

शंभरातला हा एक गेला तर नव्याण्णव. इस्त्री तिच्या हातात होती. कुठली ओळ घालवायची ते आम्हा दोघींशिवाय कोणालाही कळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिली ओळही त्याच्याच हाताची होती. सिस्टरांनी दुसऱ्याच्या पत्रात एक स्वल्पविराम बदलणं हेही पाप म्हणून शिकवलं होतं, पण त्या क्षणी मला सिस्टर फार लांबच्या वाटल्या. शेवटी मी म्हटलं, त्याला बोलावून विचारू या का. ती म्हणाली, त्याच्या दारात मी मागायला जायची नाही.

मग तिने टोक टेकवलं. ‘बाईंना मीटर द्यावा’ गेलं.

"त्यानं पुसलं ते पुसलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कपड्याची घडी आपल्या सोयीनं घालायची नसते. पुढचा द्या."

पाचला दहा मिनिटं असताना आम्ही प्रभाग कार्यालयात पोचलो. फॉर्म आइसक्रीमच्या खोक्यात होते, कारण सुनेने बजावलं होतं की उन्हात नेऊ नका. खिडकीतल्या कारकुनाने खोकं उघडून आधी नाराजीने बघितलं, त्याला बहुतेक दुसरं काही अपेक्षित होतं. मग तो मोजायला बसला. एकही खाडाखोड सापडेना तसा तो अस्वस्थ होत गेला. शेवटी शिंप्याच्या फॉर्मवर त्याचं बोट थांबलं. मी जीव मुठीत धरून सांगितलं की तो आमच्या विरुद्ध आहे, म्हणजे बाजूने नव्याण्णवच.

कारकून म्हणाला, "बाजूने कोणी विचारलंय? विषयावर शंभर पाहिजेत. विरोध आहे म्हणजे विषय जिवंत आहे." आणि त्याने शिक्का मारला.

आयुष्यभर नियम वाचत आले, आणि हा मी अर्धाच वाचला होता. बाहेर आल्यावर कडकबाई पायरीवर बसली आणि इतकी हसली की पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं. शिंप्याच्या ‘देऊ नये’नेच तिला सुनावणी दिली होती, आणि त्याला हे कळलं तर त्याला जेवण जाणार नाही, यानेच तिचं पोट भरलं होतं.

त्याला कळलंच. नियमाप्रमाणे विरोध करणाऱ्यालाही सुनावणीला बोलावलं गेलं.

सुनावणीला ती इस्त्री घेऊन आली. दारावरच्या पहारेकऱ्याने, हे हत्यार आहे का, म्हणून उचलून बघितलं आणि इस्त्री त्याच्या पायावर पडता पडता राहिली. सभागृहात आमच्या आधी सौरऊर्जेच्या कंपनीचे एक गृहस्थ पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून गेले होते. तिने इस्त्री अध्यक्षबाईंच्या समोरच्या टेबलावर ठेवली. टेबलाने आवाज केला. ती म्हणाली, उचलून बघा. अध्यक्षबाईंनी एका हाताने प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी.

"हे मी दिवसातून दोन हजार वेळा उचलते," कडकबाई म्हणाली. "तुम्ही म्हणता दोन वर्षांत सोड. मी म्हणते आज सोडते. पण हात रिकामा झाल्यावर त्यात काय देणार, ते तुमच्या पुस्तकात नाही. मला पत्ता नाही म्हणून मीटर नाही. कोळसा विकणाऱ्यानं मला कधी पत्ता विचारला नाही."

तीन मिनिटांतली तिची दोन शिल्लक राहिली. मग शिंप्याला बोलावलं. तो स्वतः शिवलेला कोट घालून आला होता, त्यावर सुरकुत्या होत्या. त्याने धुराची तक्रार केली, वाटेची केली, आणि बाहीवर आला. अध्यक्षबाईंनी विचारलं, विजेच्या इस्त्रीला तुमची हरकत आहे का? त्याने कोटाची बाही ओढून सरळ केली.

"विजेची असेल तर काही नाही," तो म्हणाला. "धूर नको. बाहीही जळायची नाही."

"बाही मी जाळली नाही," कडकबाई मागून म्हणाली.

अध्यक्षबाईंनी सांगितलं की बाहीचा विषय ऊर्जा धोरणात येत नाही. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी मात्र मान खाली घालून लिहिलं, विरोधकाचाही पाठिंबा. ते मी माझ्या जागेवरून वाचलं. मला उलटं वाचता येतं.

धोरण सप्टेंबरात छापून आलं. त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य वाढलं होतं, की स्थायी पत्ता नसलेल्या कामाच्या जागेलाही स्थानिक ओळखीवरून वीजजोडणी देण्यात येईल. कडकबाईने मला ते तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा तिने स्वतः वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. नोव्हेंबरात वायरमन आला, जिन्याच्या भिंतीवर मीटर लावला आणि अर्जातला पत्त्याचा रकाना कसा भरायचा म्हणून तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने सांगितलं तसं त्याने लिहिलं.

पहिलं बिल चौदा डिसेंबरला आलं. दुपारी पोस्टमनने ते तिच्या टेबलावर ठेवलं, आणि ती चालू इस्त्री बंद करून, हात पुसून, थेट शिंप्याच्या दुकानात गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी खिडकीत होते. तिने पाकीट त्याच्या मशीनवर ठेवलं आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याने चष्मा लावला, सुई बाजूला खोचली आणि वाचलं : "इस्त्रीचे टेबल, जिन्याखाली, शिंप्याच्या दुकानापासून दहा पावले."

त्याने पाकीट उलटसुलट केलं. मग म्हणाला की दहा नाहीत, अकरा आहेत. ती म्हणाली, मोजून दाखव. दोघं रस्त्यावर आले आणि भर दुपारी, पाय जोडून जोडून, मोजायला लागले.